बापावर गेलाय म्हणून काय झालं? जनुकं, पालकत्व आणि लहानग्यांचा संयम

एका आईने लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : मुलगा पावणेचार वर्षांचा. हवं ते त्याच क्षणी हवं, नाहीतर आदळआपट आणि फेकाफेक. नर्सरीच्या बाई सांगतात, रांगेत उभा राहत नाही, दुसऱ्याच्या हातातलं ओढून घेतो. मोठी बहीण याच वयात शहाण्यासारखी थांबायची. सासूबाई म्हणतात, "बापावर गेलाय, तोही असाच हुड होता." मावशीचं मत, "तू लाडावून ठेवलायस." आईने जनुकीय चाचणीतून मुलांचा स्वभाव सांगणारी एक जाहिरात पाहिली आहे. ती चाचणी करावी का, आणि हे जन्मजातच असेल तर आपल्या हातात काय उरतं, असं त्यांनी विचारलंय.

चाचणीचं आधी सांगून टाकते : करू नका. पैसे वाया जातील, आणि हातात येणारा कागद तुमची मुलाकडे बघायची नजर मात्र बदलून टाकेल. का, ते पुढे येईलच.

सासूबाईंचं म्हणणं मात्र हसण्यावारी नेऊ नका. संयम बराचसा वारशाने येतो, आणि हे जुळ्यांच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलंय. एकबीज जुळ्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत सारखी असतात. द्विबीज जुळी म्हणजे एकाच वेळी पोटात वाढलेली साधी भावंडं. एकबीज जुळी संयमात एकमेकांशी जितकी जुळतात तितकी द्विबीज जुळी जुळत नाहीत, आणि त्या तफावतीवरून वारशाचा अंदाज बांधतात. २०१९ साली अशा ३१ अभ्यासांचा, तीस हजारांहून जास्त जुळ्यांचा, एकत्र हिशेब मांडला गेला. माणसामाणसांत संयमाचा जो कमी-जास्तपणा दिसतो, त्यातला सुमारे ६० टक्के भाग जनुकांच्या खात्यावर गेला.

हा आकडा ऐकला की घरात लगेच वाटणी सुरू होते : साठ टक्के बापाचं, चाळीस टक्के आईच्या लाडाचं. आकड्याचा अर्थ तसा मुळीच नाही. तो हजारो लोकांमधल्या फरकांबद्दल बोलतो, तुमच्या एकट्या मुलाबद्दल नाही. त्याच्या हट्टातला अमुक भाग रक्तातला आणि तमुक वळणाचा, अशी विभागणी कुणालाच करता येत नाही.

याच हिशेबात आणखी एक खाच आहे, तिच्याकडे शिकलेल्या पालकांचंही लक्ष जात नाही. दोन्ही भावंडांना समाईक असलेल्या घराचा वाटा या अभ्यासांत जवळजवळ शून्य येतो. मग कुणीतरी निष्कर्ष काढतं की आईबापांनी काहीही केलं तरी फरक पडत नाही. पण या गणितात 'घराचा परिणाम' म्हणून फक्त तेवढंच मोजलं जातं, जे एका घरातल्या मुलांना एकमेकांसारखं बनवतं. एकच घर तुमच्या मुलीला एका तऱ्हेने लागू पडलं आणि मुलाला दुसऱ्या, तर तो परिणाम त्या रकान्यात येतच नाही. आणि घराचा परिणाम मुलाच्या जनुकांप्रमाणे बदलत असेल, तर हे गणित ती जमा सरळ जनुकांच्या नावावर टाकतं. तुमच्या दोन मुलांची गोष्ट नेमकी याच फटीत बसते.

आता अमेरिकेतल्या आयोवाचा एक अभ्यास सांगते. मानसशास्त्रज्ञ ग्राझिना कोचान्स्का आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो २००९ मध्ये प्रसिद्ध केला. मुलं ८९. पंधरा महिन्यांची असताना प्रत्येकाचं आईशी असलेलं नातं पाहिलं गेलं. अनोळखी खोली, थोडी खेळणी. आई बाहेर जाते, काही मिनिटांनी परत येते. बघणारा बघतो ते आई परतल्यानंतरचे क्षण. मूल रडलं की नाही याला फारसं महत्त्व नसतं. ते आईकडे झेपावतं का, कडेवर घेतल्यावर निवतं का, आणि निवल्यावर पुन्हा खेळण्यांकडे वळतं का, हे पाहायचं. काही मुलं आईला चिकटतात आणि तिलाच ढकलतातही. काही तिच्याकडे बघतच नाहीत. ही पद्धत मेरी एन्सवर्थ यांनी बॉल्टिमोरमध्ये बसवली, आणि आजही ती वापरात आहे.

पुढे हीच मुलं २५, ३८ आणि ५२ महिन्यांची झाल्यावर त्यांचा संयम तपासला. समोर पारदर्शक पेल्याखाली खाऊची गोळी ठेवायची, घंटी वाजेपर्यंत हात लावायचा नाही. जमिनीवरच्या रेषेवरून मुद्दाम हळूहळू चालायचं. ओळखीच्या कार्टूनचं चित्र दिसलं की नाव ओरडायचं नाही, कुजबुजायचं. तीन वर्षांच्या पोराला हे किती जड जातं, ते घरी करून बघा.

त्यांनी एक जनुकही तपासलं. सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन वापरून झालं की पेशीत परत ओढून घेणारं एक प्रथिन असतं, त्याचं हे जनुक. ते किती जोमाने चालवायचं हे ठरवणाऱ्या तुकड्याच्या दोन आवृत्त्या असतात, एक आखूड आणि एक लांब. प्रत्येक मुलाकडे त्याच्या दोन प्रती येतात, एक आईकडून आणि एक बापाकडून. दोन्ही प्रती लांब असलेल्या मुलांत आईशी नातं घट्ट असो वा डळमळीत, संयमात फारसा फरक दिसला नाही. आखूड प्रत असलेल्या मुलांत मात्र नात्यावर सगळं अवलंबून होतं. नातं डळमळीत असेल तर ती मागे पडली. नातं घट्ट असेल तर लांब प्रतीवाल्यांच्या बरोबरीने थांबली, चालली, कुजबुजली.

म्हणजे त्या आखूड प्रतीने मुलाचा संयम ठरवला नाही. आईच्या वागण्याचं त्याच्या बाबतीत किती मोल, ते ठरवलं. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे.

पण इथे थांबले तर मी अर्धवट सांगितलं असं होईल. ८९ मुलं म्हणजे फार लहान नमुना. एकेक जनुक उचलून त्याचा स्वभावाशी संबंध जोडणाऱ्या त्या काळच्या अभ्यासांची पुढे कसून फेरतपासणी झाली. सेरोटोनिनचं हेच जनुक नैराश्याशी जोडलं गेलं होतं. २०१९ मध्ये फार मोठ्या नमुन्यांवर ते आणि तसली इतर नावाजलेली जनुकं तपासली, तेव्हा तो संबंध टिकला नाही. संयमासारख्या गोष्टीमागे एखादं जनुक नसतं. हजारो जागी छोटे छोटे फरक असतात आणि एकेकाचा परिणाम नगण्य. म्हणूनच लाळेचा नमुना घेऊन तुमच्या मुलाचा स्वभाव सांगणाऱ्या चाचणीवर माझा काडीचाही विश्वास नाही.

मग आयोवाच्या अभ्यासातलं काय उरतं? जनुकाचं नाव सोडून द्या. 'काही मुलांना वळणाचा परिणाम जास्त लागतो, चांगला तसा वाईटही' हा मूळ मुद्दा जनुकांना हात न लावताही दिसलाय. नेदरलँड्समध्ये डायम्फना व्हॅन डेन बूम यांनी गरीब घरांतली, जन्मापासून किरकिरी अशी १०० बाळं निवडली. त्यांतल्या निम्म्या आयांकडे, बाळ सहा ते नऊ महिन्यांचं असताना, तीनदा घरी जाऊन एवढंच शिकवलं : बाळ काय सांगतंय ते ओळखा, आणि त्याप्रमाणे प्रतिसाद द्या. वर्षाची होईपर्यंत या बाळांचं आईशी नातं उरलेल्या निम्म्यांपेक्षा कितीतरी घट्ट झालं. तीन भेटी! किरकिरं बाळ आईला थकवतं, ती हळूहळू त्याच्या रडण्याकडे दुर्लक्ष करायला लागते आणि ते गप्प असलं की "झोपलेल्या वाघाला कशाला उठवा" म्हणून लांब राहते. त्यामुळे शांत असताना त्याच्या वाट्याला कुणी येतच नाही. भेटींमध्ये नेमकं हेच उलटवलं होतं. पुढे २०१६ मध्ये ८४ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हाही तान्हेपणी चटकन बिथरणारी मुलं खडूस वागणुकीने जास्त बिघडतात आणि मायेच्या वागणुकीने जास्त फुलतात, असंच दिसलं.

तुमच्या मुलीला "काही करावंच लागलं नाही" असं तुम्ही लिहिलंय. बरोबर आहे. ती बहुधा त्या मुलांपैकी असावी, जी कशाही घरात निभावून नेतात. त्याचं श्रेय तुम्ही घेऊ नका, आणि मुलाचा दोषही घेऊ नका. मात्र मुलीच्या वेळी जेवढ्यावर भागलं तेवढं याला पुरणार नाही.

जनुकांचा आणखी एक खेळ लक्षात ठेवा. धसमुसळं मूल आपल्या भोवतीची माणसंही बदलून टाकतं. टीव्ही बंद करायला सांगितलं की ते किंचाळतं. आई आवाज चढवते. ते रिमोट भिरकावतं. आई एक धपाटा घालते, मग शेजाऱ्यांची लाज वाटून, नाहीतर स्वतःच हरून, टीव्ही पुन्हा लावते. आता तो गप्प. त्याने धडा घेतला की पुरेसं ओरडलं की मिळतं. आईने धडा घेतला की सोडून दिलं की शांतता मिळते. दुसऱ्या दिवशी दोघंही कालच्या वरच्या पट्टीत सुरुवात करतात. अमेरिकेतल्या ओरेगॉनमधले मानसशास्त्रज्ञ गेराल्ड पॅटरसन यांनी घराघरांत जाऊन हे चक्र नोंदवलं. त्यात घरातलं मोठं माणूसही त्याच तापट वारशाचं असेल तर भडका लवकर उडतो. वडील आणि मुलगा दोघंही चटकन पेटणारे असतील, तर रात्री नऊला, दमल्याभागल्या वेळी, गृहपाठ किंवा आवराआवरीची जबाबदारी वडिलांकडे देऊ नका. सकाळची आंघोळ, रविवारची मंडई त्यांना द्या. हा उपाय कुठल्या पुस्तकात सापडणार नाही, पण चालतो.

'बालवयातलं पालकत्व' म्हटलं की आपल्याकडे शिस्तच डोळ्यांसमोर येते. पहिल्या दोन-अडीच वर्षांत शिस्तीला फारसा अर्थ नसतो. मेंदूचा पुढचा, आवर घालणारा भाग तेव्हा नुकता जुळू लागलेला असतो. त्याची बांधणी विशीनंतरही चालू राहते. तोवर मूल तुमचा आवर उसना घेतं. रडल्यावर कुणी उचलतं, जवळ घेतं, पाठीवरून हात फिरवतं, आणि शरीर शांत कसं होतं याचा अनुभव अंगात मुरतो. आईच हवी असंही नाही. दिवसभर आजीकडे असणाऱ्या मुलाचं आजीशी असंच नातं बनतं, आणि तेही तितकंच धरलं जातं.

या नात्यातली एक गोष्ट मला आपल्या घरांत फार खटकते : नजर चुकवून निघून जाणं. कामावर जाणारी आई, मूल रडू नये म्हणून आजीने त्याला गॅलरीत कावळा दाखवायचा आणि आईने तेवढ्यात सटकायचं. रडं वाचतं खरं. पण मूल शिकतं की आई कुठल्याही क्षणी, न सांगता, नाहीशी होऊ शकते, म्हणून तिच्यावरची नजर हटवायची नाही. सांगून जा. रडलं तर रडू दे, दोन मिनिटं रडेल. संध्याकाळी आलात की पर्स ठेवायच्या आधी त्याच्याकडे जा.

याचाच दुसरा भाग म्हणजे शब्द पाळणं. अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये २०१३ साली एक छान प्रयोग झाला. मुलं २८. निम्म्या मुलांना संशोधकाने चांगले रंग आणून देण्याचं कबूल केलं आणि आणले. उरलेल्या निम्म्यांना कबूल केलं आणि "अरे, संपलेत" म्हणून हात हलवत परत आला. मग सगळ्यांपुढे मार्शमॅलो, म्हणजे एक मऊ गोड खाऊ, ठेवला : आत्ता एक, थांबलास तर दोन. शब्द पाळलेला अनुभव असलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. फसवली गेलेली तीन मिनिटं. तिथे जनुकं बदलली नव्हती, वय बदललं नव्हतं. "थांब, आणते" या वाक्याची पत तेवढी बदलली होती.

आता स्वतःच्या घरात दिवसभर कान देऊन ऐका. "उद्या देते हं." "मोबाइलचं चार्जिंग संपलंय." "दुकान बंद झालं." "ऐकलं नाहीस तर पोलीसकाका घेऊन जातील." "डॉक्टर सुई टोचतील" (हे तर माझ्यासमोर, मी नुसती स्टेथोस्कोप हातात घेतलेली असताना). यातलं एकही खरं नसतं, आणि चार वर्षांच्या मुलाला ते पक्कं ठाऊक असतं. त्याच्या दृष्टीने थांबणं म्हणजे गमावणं. मग ते ओढून घेतं. यात हावरटपणा नाही, अनुभवातून आलेला व्यवहार आहे. तुमच्या घरात आई नाही म्हणते आणि आजोबा खिशातून हळूच चॉकलेट काढतात, असं होत असेल तर तेही याच खात्यात जमा करा.

मार्शमॅलोच्या प्रयोगावर थोडं अधिक. अमेरिकेतल्या स्टॅनफर्डच्या बालवाडीत मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी तो मूळ केला आणि त्यावरून जगभर बोलबाला झाला की जो थांबला तो आयुष्यात पुढे गेला. २०१८ मध्ये नऊशेहून जास्त मुलांवर पुन्हा पाहिलं, तेव्हा तो संबंध मूळच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर आणखी रोडावला. म्हणून घरी गोळी ठेवून मुलाचं भविष्य बघू नका. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनचा अभ्यास जास्त भक्कम आहे. १९७२-७३ मध्ये जन्मलेली हजारावर मुलं, बत्तिशीपर्यंत पाठपुरावा. लहानपणी संयम कमी असलेल्यांच्या वाट्याला पुढे आजारपणं, पैशांच्या अडचणी, कायद्याची लफडी जास्त आली. पण त्याच अभ्यासात ज्यांचा संयम मधल्या वर्षांत सुधारला, त्यांचं पुढे बरं झालं. बातम्यांत हा भाग येत नाही.

थांबणं ही सवयीचीही गोष्ट आहे, आणि सवय घरातल्या रीतीने लागते. २०२२ च्या एका अभ्यासात क्योटोची मुलं खाऊसाठी जास्त थांबली, अमेरिकेतल्या बोल्डरची मुलं भेटवस्तूसाठी. जपानी घरात सगळ्यांची पानं वाढून झाल्याशिवाय जेवायला सुरुवात करत नाहीत. अमेरिकी घरात नाताळची भेट दिवस येईपर्यंत उघडत नाहीत. जिथे रोजचा सराव, तिथे संयम. हे वाचताना मला आपला नैवेद्य आठवला. एरवी बिस्किटाच्या पुड्यासाठी घर डोक्यावर घेणारं पोर गणपतीत मोदकाच्या ताटापुढे आरती संपेपर्यंत टाळ्या वाजवत उभं राहतं. कारण सगळेच थांबलेले असतात, थांबायचं कुठवर ते ठाऊक असतं, आणि शेवटी मोदक नक्की मिळतो. तुमच्या मुलाला रोजच्या दिवसात असे दोन-तीन थांबे द्या, छोटे आणि खात्रीचे.

पावणेचार वर्षांच्या मुलाकडून काय मागायचं, याचाही अंदाज हवा. कोचान्स्का यांच्याच कामात एक उपयोगी गोष्ट दिसते : या वयात 'करू नको' पाळणं मुलांना 'कर' पाळण्यापेक्षा सोपं जातं. कपाटाला हात न लावणारं मूलही वीस ठोकळे गोळा करताना तिसऱ्या ठोकळ्याशी भरकटतं. तो बंडखोरपणा नाही, ते काम लांब आणि कंटाळवाणं आहे. "खेळणी आवर" म्हणून स्वयंपाकघरात जाऊ नका. खाली बसा, लाल ठोकळे तुमचे, निळे त्याचे. असं सोबतीने केलेलं काम मूल पुढे आपलं मानून करतं. धाकाने केलेलं तुमची पाठ वळेपर्यंतच.

मोह समोर ठेवून संयम शिकवायला जाऊ नका. मिशेल यांच्या प्रयोगात खाऊ झाकला तर मुलं कितीतरी जास्त थांबत, आणि जी थांबत ती डोळ्यांवर हात धरून, गाणं म्हणून, खुर्चीशी खेळून थांबत. फ्रीजवर ठेवलेला चिप्सचा पुडा नजरेआड करा, मोबाइल उशीखाली नको. थांबायचं असेल तेव्हा हाताला काम द्या : मटार सोल, चमचे मोज.

आणि खेळ. स्टॅच्यू, 'शिवाजी म्हणतो', लंगडी, आंधळी कोशिंबीर. प्रयोगशाळेतल्या संयमाच्या चाचण्या याच घाटाच्या असतात : हललेलं शरीर आवरायचं, नियम डोक्यात धरायचा, मनात आलेलं लगेच करायचं नाही. रोज संध्याकाळी थोडा वेळ वडिलांनी किंवा आजोबांनी खेळावं, आणि मुद्दाम अधूनमधून हरावं.

भडका उडालेला असताना शिकवू नका. त्या वेळी तो ऐकत नसतो, ऐकूच शकत नसतो. वस्तू बाजूला करा, जवळ बसा, थोडं बोला. जे नाही म्हटलंय ते नाहीच राहू द्या. तो शांत झाल्यावर एका वाक्यात सांगा आणि विषय सोडा.

आता डॉक्टर म्हणून. वागण्याचं निदान करण्याआधी मी तीन गोष्टी विचारते. झोपेत घोरतो का, तोंड उघडं टाकून झोपतो का? वाढलेल्या अडिनॉइडमुळे (नाकाच्या मागच्या गाठीमुळे) झोप मोडणारी मुलं दिवसा पेंगत नाहीत, उलट पिसाळल्यासारखी करतात. नीट ऐकू येतं का, आणि वयाच्या मानाने बोलतो का? जे बोलता येत नाही ते हातांनी बोललं जातं. तिसरं, हिमोग्लोबिन. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची ६७ टक्के भारतीय मुलं रक्तक्षय असलेली निघाली. लोहाची कमतरता असलेलं मूल चिडचिडं आणि अस्थिर असतं, आणि ती भरून काढता येते. या तिन्हींसाठी जनुकांची नाही, साध्या तपासण्यांची गरज लागते. जाहिरातीतल्या त्या चाचणीच्या किमतीत बहुधा सगळ्या होऊन जातील.

हे सगळं ठीक असेल, आणि घरी सहा महिने नेटाने केल्यावरही घर आणि नर्सरी दोन्हीकडे तेच चित्र असेल, तो स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करत असेल, किंवा एका जागी गोष्ट ऐकायलाही बसत नसेल, तर विकासात्मक बालरोगतज्ज्ञांना दाखवा. अतिचंचलतेचं (ज्याला एडीएचडी म्हणतात) निदान चार वर्षांच्या आत सहसा करत नाहीत. सहाच्या आतल्या मुलात पहिला उपचार गोळ्यांचा नसतो. आईवडिलांना काही आठवडे बसवून वागणूक हाताळायला शिकवणं, हाच असतो. तिथे दोघंही जा, आणि दिवसभर मूल आजीकडे असेल तर आजीलाही घेऊन जा.